फिरत्या हाताची नोंद

साधनांची चर्चा कारागिरांनी करावी आणि कलाकृतीची समीक्षकांनी, अशी एक सोयीस्कर वाटणी आपल्याकडे चालत आली आहे. लेखक टाकाने लिहितो की टंकलेखनयंत्रावर, हे कोणी विचारीत नाही; आणि न विचारल्याने फारसे बिघडतही नाही. परंतु प्रायोगिक ध्वनिरचनेकडे वळले की ही वाटणी टिकत नाही. तेथे संगणकातले सॉफ्टवेअर लेखणी असते, कागद असतो आणि पुष्कळदा संपादकही असते. म्हणून त्याची निवड हा मला समीक्षेचाच प्रश्न वाटतो. एका शाळामास्तराने त्यात तोंड घालणे कोणाला आगाऊपणाचे वाटले तरी!

प्रश्न असा आहे. आवाज चालू असतो, आणि कलावंत नॉब फिरवून फिल्टर हळूहळू उघडतो, प्रतिध्वनी वाढवतो, मध्येच तोडतो. या फेरफारांतूनच रचना घडते. मग जपून काय ठेवायचे? कानावर आलेला आवाज, की हाताने केलेली हालचाल?

आजची सॉफ्टवेअरे दोन्ही जपू शकतात. हालचालीच्या नोंदीला ऑटोमेशन म्हणतात. कोणत्या क्षणी कोणता नॉब कोठे होता, याची एक रेघ पडद्यावर उमटते. ती मागाहून खोडता येते, वळवता येते. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर ऑटोमेशन ही स्वरलिपी आहे आणि ध्वनिमुद्रण ही मैफल. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांनी असंख्य चिजा जपल्या, हे त्यांचे ऋण मोठेच. पण मींड कशी घ्यावी हे पुस्तकावरून कोणाला उमगले आहे?

ही उपमा केवळ सोयीची नाही. मिडी या 1983 पासूनच्या संकेतपद्धतीत नॉबची हालचाल साधारणतः 0 ते 127 अशा 128 पायऱ्यांत मोजली जाते. संथपणे उघडणाऱ्या फिल्टरला या पायऱ्या पुरत नाहीत. कान तिखट असेल तर त्या ऐकूही येतात. त्याहून मोठी अडचण आवाजाच्या स्वभावात आहे. यंत्रातून निघालेला आवाज पुन्हा त्याच यंत्रात सोडला, किंवा रचनेत यदृच्छेला वाव ठेवला, तर तीच हालचाल दुसऱ्यांदा तोच आवाज देत नाही. शाळेच्या घंटेचा एक टोल घेऊन मी हे करून पाहिले. नॉबच्या त्याच हालचाली संगणकाने इमानाने पुन्हा केल्या, आणि बाहेर आला तो वेगळाच हुंकार!

जमैकातील किंग टबी हा या कलेतला एक थोर हात. 1970 च्या दशकात किंग्स्टनमधील आपल्या लहानशा स्टुडिओत तो चार ट्रॅकांवर मुद्रित झालेले तयार गाणे घेई, गायकाचा आवाज मध्येच काढून टाकी, एखादा शब्द प्रतिध्वनीत फेकून देई. मिश्रणाचे टेबल हेच त्याचे वाद्य, आणि हात फिरला तेच मुद्रण. डब हा संगीतप्रकार घडवणाऱ्यांत त्याचे नाव पहिल्या रांगेत येते, ते अशा परत न घेता येणाऱ्या निर्णयांमुळे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी त्यावर काम केले. 1969 ते 1972 या काळातील त्या फिती पुढे विस्मृतीत गेल्या आणि 2023 साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकताना कोणती तार कोठे जोडली होती आणि कोणते बटण किती फिरवले होते, याचा तक्ता श्रोत्याला लागत नाही. आवाज टिकला म्हणून रचना टिकली. आजच्या सॉफ्टवेअरची प्रकल्प-फाइल पन्नास वर्षांनी उघडेल, ही हमी कोण देईल? एक प्लगइन नाहीसे झाले की काही वर्षांतच ती मुकी होते.

या कसोटीवर काही साधने पाहू. मिलर पकेट यांनी 1990 च्या दशकात घडवलेले प्युअर डेटा फुकट मिळते. त्यात चौकोन आणि रेघा जोडून यंत्र स्वतः बांधावे लागते, मुद्रणाचा चौकोनसुद्धा. नवख्याला ते रूक्ष वाटेल. पण आपण काय जपत आहोत याचा विसर ते पडू देत नाही. 2001 साली आलेले एबलटन लाइव्ह चपळ आणि देखणे आहे. आपलाच एकत्रित आवाज एका ट्रॅकवर पुन्हा मुद्रित करण्याची सोय त्यात आहे. मात्र ते मिनिटाला 120 ठोक्यांची लय मांडूनच उघडते. ज्याला लयच नको त्याने आधी तिच्याशी भांडावे. रीपरचे रूप साधे, किंमत माफक. पण ट्रॅकवर प्रक्रियेनंतरचा आवाज थेट मुद्रित करणे आणि शेजारीच हालचालींची रेघ उमटवणे, या दोन्ही गोष्टी त्यात होतात. फेरफार वाजवीत वाजवीत टिपायचे असतील, तर आवाज प्युअर डेटात घडवावा आणि रीपरमध्ये मुद्रित करावा, असे माझे मत आहे.

यावर आक्षेप येईल की मुद्रित आवाजात दुरुस्ती करता येत नाही, आणि रेघ मात्र हवी तशी सुधारता येते. आक्षेप खरा आहे, आणि मला भीती वाटते ती या सोयीचीच. मुलांच्या वह्या तपासताना मला कच्ची वही अधिक बोलकी वाटते. विचार कोठे अडखळला, कोठे उडी मारून गेला, ते तेथे दिसते. रेघ सुधारता सुधारता हात नाहीसा होतो आणि उरते ती गुळगुळीत पक्की प्रत. हालचालींची नोंद अवश्य ठेवावी. अभ्यासाला ती उपयोगी आहे. पण रसिकापुढे ठेवायचा तो आवाज, हात थरथरला असेल तर त्या थरथरीसकट. असा आवाज पहिल्याच दमात, विनासायास टिपू देते ते सॉफ्टवेअर निवडावे. बाकीच्या सोयींचा हिशेब त्यानंतर करावा.