लुमेन : एक रसग्रहण

मराठीत कवितेवर समीक्षा होते, कादंबरीवर होते, समीक्षेवरसुद्धा होते. पण बल्बच्या खोक्यावरच्या मजकुरावर कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक खपाच्या दृष्टीनं पाहिलं तर या वाङ्मयापुढं कुठल्याही कवितासंग्रहानं हात जोडून उभं राहावं. शिवाय ते मोजकं, अलंकारविरहित आणि किमतीसकट छापलेलं असतं. म्हणून हे काम मी शिरावर घेतलं आहे. मी बँकेतला कारकून, शिक्षण बी. कॉम. त्यामुळे सौंदर्यशास्त्राशी माझं खातं नाही. पण छापील कागदावरचा बारीक टाईप आधी वाचायची सवय नोकरीनं लावलेली आहे.

त्या बारीक टाईपातच आपला नायक सापडतो. खोक्याच्या दर्शनी बाजूला लग्नपत्रिकेतल्या वरासारखं ठळक छापलेलं असतं ते ‘9 वॅट’. आणि मागच्या बाजूला, ‘आपले नम्र’ यांच्याही खाली असावं तसं, ‘900 लुमेन’.

आता वॅट म्हणजे काय, तर दिवा किती वीज खातो ते. थोडक्यात, खर्चाची बाजू. त्या खर्चात तो उजेड किती देतो हे लुमेन सांगतो. ती जमेची बाजू. खर्च ठळक आणि जमा बारीक छापलेला ताळेबंद आमच्या ऑडिटरसाहेबांपुढं ठेवला, तर ते आधी चष्मा पुसतील आणि मग मॅनेजरकडं बघतील. पण ही सवय जुनी आहे. तारेच्या बल्बांच्या राज्यात सगळेच सारखे खादाड असल्यामुळे खाण्यावरून काम कळत असे. 60चा बैठकीला, 40चा स्वयंपाकघराला आणि झिरोचा देवघराला. (तो ‘झिरो’सुद्धा चांगले 12-15 वॅट खायचा, सोवळ्यातला फराळ!) त्या 60च्या बल्बचे लुमेन भरत साधारण 700. बाकीच्या विजेची उष्णता होत असे आणि ती पावसाळ्यात मोजे वाळवायला उपयोगी पडे. आजचा 9 वॅटचा एलईडी त्याच्याहून जास्त उजेड देतो, तरी आपण दुकानात जाऊन ‘नऊचा द्या’ असंच म्हणतो. म्हणजे नोकर ठेवताना त्याला काय येतं हे न विचारता ‘पोळ्या किती खातोस?’ एवढंच विचारण्यापैकी!

शब्द म्हणून लुमेन हा भलताच कुलीन आहे. मूळचा लॅटिन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उजेड. शिवाय दिवा, शिवाय डोळा आणि शिवाय खिडकी. एका शब्दात उजेड, तो देणारा, तो घेणारा आणि तो जिथून येतो ती जागा! एवढा श्लेष आमच्या पंडित कवींनाही एका दमात साधला नसता. रोमन कायद्यात तर शेजाऱ्यानं बांधकाम करून आपला ‘लुमेन’ अडवू नये असा हक्कच होता. आपल्याकडं 1882च्या इझमेंट ॲक्टात त्याचा भाऊबंद आहे. एखाद्या इमारतीला बाहेरचा उजेड 20 वर्षं विनाअडथळा, शांततेनं मिळत आला, तर तो मालकाचा हक्क ठरतो. शांततेनं 20 वर्षं राहू देणारा शेजारी कुठं मिळतो, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही.

डॉक्टरमंडळींनी हा शब्द घेतला तो खिडकीच्या अंगानं. त्यांच्या भाषेत नळीच्या आतली पोकळी म्हणजे लुमेन. मग ती रक्तवाहिनी असो की आतडं. आमच्या एका मेव्हण्यांची अँजिओग्राफी झाली, तेव्हा रिपोर्टात लुमेन 70 टक्क्यांनी अरुंद झाल्याचं लिहिलं होतं. भेटायला आलेल्या एका काकांनी, जन्मभर इलेक्ट्रिकचं दुकान चालवल्याच्या अधिकारानं, “मग होल्डर तपासा आधी!” असा सल्ला दिला. मेव्हणे हसले, ही त्यातली जमेची बाजू. पण नीट पाहिलं तर काका अर्थापासून फार लांब नव्हते. वाट अरुंद झाली की पलीकडं पोचायचं ते पोचत नाही, एवढंच दोन्हीकडं म्हणायचं आहे.

मापाच्या गादीवर मात्र हा शब्द उशिरा आला. 1894 साली आंद्रे ब्लाँदेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं तो सुचवला. त्याआधी उजेड मोजायचा तो मेणबत्त्यांत, आणि मेणबत्ती कुणाची यावर राष्ट्राराष्ट्रांत भाऊबंदकी! इंग्रजांनी 1860 साली कायदाच केला की प्रमाण मेणबत्ती देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची, वजनानं पौंडाचा सहावा हिस्सा आणि तासाला 120 ग्रेन जळणारी असावी. फ्रेंचांचा दिवा तासाला 42 ग्रॅम तेल पिणारा. जर्मनांच्या दिव्याची ज्योत बरोबर 40 मिलिमीटर उंच हवी. 1948मध्ये गोठत्या प्लॅटिनमच्या तेजावर सर्वांचा समझोता झाला आणि 1979 साली त्या महागड्या धातूलाही निरोप मिळाला. एका प्रमाण मेणबत्तीचा चहूबाजूंचा सगळा उजेड गोळा केला तर साडेबारा लुमेन भरतो, हा हिशेब मात्र अजून तसाच आहे.

इथवर सगळं रुक्ष वाटेल. पण या मापाची खरी गंमत पुढंच आहे. मीटर, किलो, सेकंद यांना माणूस असला काय आणि नसला काय, सारखंच. लुमेनला मात्र माणसाचा डोळा लागतो. किरणांत शक्ती कितीही असो, डोळ्याला दिसली तेवढीच हिशेबात धरायची. हिरव्या रंगाच्या एका जागी डोळा सर्वांत तेज, म्हणून तिथं एका वॅटला 683 लुमेन. तांबड्याला आणि निळ्याला पुष्कळ कमी. टीव्हीच्या रिमोटमधून निघणारे किरण टीव्हीला मुकाट्यानं वाकवतात, पण आपल्याला दिसत नाहीत. सबब लुमेन शून्य. सगळ्या विज्ञानात एवढं माणूसधार्जिणं माप मला दुसरं आढळलेलं नाही.

आणि टीकेला जागा आहे ती इथंच. हा डोळा कुणाचा? तर 1924 साली आंतरराष्ट्रीय समितीनं बऱ्याच डोळ्यांची सरासरी काढून ठरवलेल्या ‘प्रमाण निरीक्षका’चा. या गृहस्थांना मोतीबिंदू होत नाही, चाळिशी लागत नाही, वय वाढत नाही. आमच्या आईचं तसं नाही. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते आणि आत पोचणारा उजेड घटत जातो. खोक्यावरचे 900 लुमेन नातवाला आणि आजीला एकाच भावानं विकले जातात. पदरात सारखे पडत नाहीत. शिवाय त्या 900मध्ये छताच्या कोपऱ्यातल्या जळमटांवर पडणारा उजेडही धरलेला असतो. पोथीच्या पानावर किती पडला, ते लक्स नावाचं वेगळं माप सांगतं आणि खोक्याला ते सांगताच येत नाही, कारण तुम्ही दिवा कुठं टांगणार हे त्याला कुठं माहीत?

तेव्हा समीक्षकाचा अभिप्राय असा : शब्द उत्तम, आशय प्रामाणिक, मुद्रण अन्यायकारक. वाचकांनी खोकं उलटं करून लुमेनला वॅटनं भागावं. उत्तर शंभराच्या घरात आलं तर घ्यावं. तारेच्या बल्बाचं ते बाराच्या आसपास यायचं, यावरून काय ते समजावं. आणि घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर प्रमाण निरीक्षकावर विसंबू नये.

आमच्या आईसाठी मी दुप्पट लुमेनचा दिवा आणायचं ठरवलं, तेव्हा तिनं ‘बिल कोण भरणार?’ एवढंच विचारलं आणि खुर्ची ओढून टेबललँपच्या निम्म्या अंतरावर नेली. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, हा नियम तिनं वाचलेला नाही. पोथीचा अध्याय मात्र चष्मा न पुसता वाचून संपवला.