नाणे तोलणारा इतिहासकार

कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे लेख आहेत. मावळात सहल घेऊन येणारे अनेक शिक्षक ते दाखवून ‘इथे ग्रीक आले होते’ असे सांगतात आणि पुढे निघतात. पण या यवनांची नावे आहेत सिहधय, धंम! मग एका शब्दावरून केवढे अनुमान काढायचे? पुरावा कसा तपासावा हे शिकवायचे असेल, तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चांदीच्या आहत नाण्यांवरील काम वर्गात न्यावे असे आम्हांला वाटते.

कोसंबी (१९०७–१९६६) हे गणिती. मुंबईच्या नोकरीसाठी पुण्याहून डेक्कन क्वीनने ते याच मावळातून ये-जा करीत. कार्ल्याच्या लेखांवर आणि घाटातील व्यापारी वाटांवरही त्यांनी लिहिले. १९४०च्या सुमारास मात्र त्यांनी हाती घेतला होता तराजू. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. टाकसाळीतून निघताना सर्व नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. वापराने सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढतो. तक्षशिलेच्या नाण्यांत मागील बाजूस जितके ठसे अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे हे ठसे नाणे चलनात असताना, तपासणीच्या वेळी, उमटवलेले असावेत. राजाचे नावही नसलेली नाणी अशी बोलू लागली!

या पद्धतीचे बळ असे की, कोणीही पुन्हा तोलून ती पडताळू शकतो. तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मातीत चांदी गंजते, साफ करतानाही वजन जाते. टाकसाळीनेच वजन कमी केले असेल, तर ती घट झीज वाटू शकते. शिवाय झिजेवरून नाण्यांचा क्रम लागतो, वर्ष कळत नाही. तक्षशिलेला १९२४ साली सापडलेल्या साठ्यात अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अऱ्हिडियसचे एक अशी कोरी करकरीत ग्रीक नाणी होती, म्हणून त्याचा काळ इ.स.पू. ३१७च्या आसपास ठरवता आला. कोसंबींचे लेखन तज्ज्ञांसाठी आहे. संख्याशास्त्र न शिकलेल्या वाचकाला ते हात देत नाही, ही आमची तक्रार आहे.

ती उणीव शिक्षक भरून काढू शकतील. एकाच प्रकारची, पण वेगवेगळ्या सालांची रुपयाची नाणी जमवा. सालाप्रमाणे गट करा, अचूक काट्यावर तोला, सरासरी काढा. पोलाद फार सावकाश झिजते. फरक दिसला नाही, तर ‘का?’ हा प्रश्न मुलांनाच विचारा.

आणखी एक गोष्ट. ही सारी पद्धत साठा एकत्र राहण्यावर उभी आहे. नांगराखाली सापडलेले मडके फुटून नाणी चार सोनारांकडे गेली, की चांदी उरते, पुरावा जातो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८चा कायदा आहे. गावात ही गोष्ट पोहोचवणारा माणूस बहुधा शाळामास्तरच असतो.