संस्कार, करार आणि काडीमोड

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी एक परिसंवाद झाला. विषय होता 'विवाहसंस्थेचे पावित्र्य : विविध धर्मांच्या दृष्टीतून'. हिंदू विवाह हा संस्कार, मुसलमानांचा निकाह हा करार, ख्रिस्ती विवाह ही ईश्वराने बांधलेली गाठ, अशी व्यासपीठावर वाटणी झाली. बौद्धांविषयी बोलायला कोणी नव्हते. अध्यक्षांनी जाता जाता 'त्यांचेही साधारण आपल्यासारखेच' असे म्हणून तो प्रश्न निकालात काढला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या धाकट्या बहिणीला आलेल्या नोटिशीची प्रत त्या दिवशी माझ्या खिशात होती. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९. पत्नी सबळ कारण नसताना संसार सोडून गेली आहे, तिने नांदायला यावे असा हुकूम व्हावा, असा नवऱ्याचा दावा होता. तिने पोटगीचा अर्ज केल्यानंतर तीन आठवड्यांनी त्याला संसाराची आठवण झाली होती.

बहिणीचे लग्न त्रिशरण-पंचशीलाने झालेले. अक्षता नाहीत, होम नाही, भटजी नाही. पण कायद्याचे कलम २ सांगते की, या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीख हे हिंदूंच्या बरोबरच धरायचे. १९५६ साली नागपूरला जो धर्म आम्ही मागे टाकला, तो नोटिशीच्या कागदावर आमच्या मागोमाग घरी आला होता.

परिसंवादातली ती नीटनेटकी वाटणी मला तेव्हापासून छळते आहे. ज्याला संस्काराचे पावित्र्य म्हणतात ते राखण्यासाठी जे हत्यार कायद्यात ठेवले आहे, ते मुळात संस्कारवाल्यांचे नाहीच. बायकोला धाकात ठेवण्याच्या वाटा धर्मशास्त्रात पुष्कळ आहेत. परंतु दावा लावून तिला परत आणण्याची ही वाट इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतली आहे. विवाह तुटणे चर्चला मान्य नव्हते, म्हणून वेगळे राहणाऱ्याला 'एकत्र राहा' असा हुकूम. १८५७ च्या कायद्याने विवाहविषयक खटले तिकडे चर्चकडून काढून घेतले गेले, आणि त्याच सुमारास हे हत्यार इकडे येऊन पोचले. १८६५ च्या पारशी विवाह कायद्यात ते आले. १८६७ मध्ये एका मुसलमान दांपत्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने असा दावा चालतो असे ठरविले. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याने ख्रिस्त्यांसाठी ते घातले. म्हणजे करारवाले, संस्कारवाले आणि ईश्वरी गाठवाले या सर्वांच्या बायकांना बेडी एकच, आणि तीही एकाच लोहाराची! इंग्लंडने स्वतःपुरती ती १९७० साली मोडीत काढली.

हिंदू म्हणविणाऱ्यांवर ती वाजली ती रखमाबाईच्या खटल्यात, आणि तो खटला आमच्या मराठी मुलखातला आहे. सुतार जातीतली ही मुलगी. वडील वारले, आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला; त्या जातीत तो चालत होता. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लागले. ती माहेरी राहिली, शिकली, आणि नांदायला नकार दिला. १८८४ मध्ये दावा आला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे : हा दावा इंग्लंडातल्या विशिष्ट परिस्थितीतून आलेला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. गोरा न्यायाधीश सांगत होता की हे तुमचे नाही, आणि आमचे स्वाभिमानी पुढारी म्हणत होते की आमचेच आहे! 'केसरी'-'मराठा' रखमाबाईवर तुटून पडले. धर्म बुडाल्याची ओरड झाली. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग पत्करीन असे कळविले. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे ती इंग्लंडहून डॉक्टर होऊन आली, सुरत-राजकोटला तिने आयुष्यभर काम केले, आणि सप्टेंबर १९५५ मध्ये वारली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्यात कलम ९ होते.

येथे मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, कारण आपल्याकडच्या अभ्यासकांनीही ती पुरेशी मांडलेली नाही. 'हिंदू विवाह अविच्छेद्य आहे' हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींच्या बाबतीत खोटे होते. महार, मांग, माळी, कुणबी, कोळी यांच्यात काडीमोड होती, पाट होता, म्होतूर होते. माझ्या पणजीचा पाट लागलेला. तो रात्री अंधारात लागे, सवाशिणी तोंड फिरवून घेत, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत त्या बाईला अशुभ समजत. म्हणजे या रूढीवरही वरच्यांच्या पावित्र्याची सावली होतीच, हे कबूल केले पाहिजे. पण दार होते. वाकून जावे लागे, तरी बाहेर पडता येई.

ते दार बंद कोणी केले? १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर तळपदा कोळ्यांची रूढी आली : बाईने नवऱ्याला सोडून त्याच्या संमतीवाचून दुसरा पाट लावणे. ही रूढी नीतीला सोडून आहे म्हणून न्यायालयाने ती अमान्य केली. १८७६ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ठरले की, लग्न रद्द करण्याचा आणि बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातपंचायतीला अधिकार नाही. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा उच्चवर्णीय विधवांच्या कळवळ्यातून झाला, त्याचे श्रेय मी हिरावून घेत नाही. पण पुनर्विवाह करणारीने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गमवावा असे कलम त्यात होते, आणि जिथे पाट पूर्वीपासूनच चालत होता अशा जातींनाही मुंबई उच्च न्यायालयाने ते लावले. अलाहाबादने लावले नाही. एका जातीच्या बायकांना बाहेर काढण्यासाठी केलेल्या कायद्याने दुसऱ्या जातींच्या बायकांच्या पायाखालची जमीन गेली. सुधारणेचा इतिहास लिहिताना हे पान कोण उघडतो?

बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कला वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात याचे मूळ उघडे केले आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीअंतर्गत विवाह टिकविण्याची साधने आहेत. आधी ती वापरात आली, त्यांचे गोडवे नंतर गायिले गेले. पुढे हिंदू कोड बिलाच्या वेळीही त्यांनी हेच विचारले की, शूद्र मानलेल्या बहुसंख्य समाजात घटस्फोटाची चाल आहेच; मूठभरांचा कायदा सर्वांचा म्हणून का मिरवता? त्या बिलाची काय गत झाली आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा का दिला, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. १९५५ च्या कायद्यात कलम २९ खाली रूढीची काडीमोड राखली गेली आहे. पण न्यायालयात ती सिद्ध करायची तर पंच हवेत, आणि पंच आता कोठे राहिले?

मराठी साहित्यानेही हे पावित्र्य जपले आहे, अगदी बंड करतानासुद्धा. देवलांचे 'शारदा' (१८९९) मी दरवर्षी शिकवतो. म्हाताऱ्याशी मुलीचे लग्न लावण्याविरुद्धचे हे मोठे नाटक, यात वाद नाही. पण ते लग्न थांबते कशामुळे? शारदा नको म्हणते म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र निघाले म्हणून. आणि तिचे पुढचे लग्न निर्दोष ठरते ते शंकराचार्यांच्या निर्णयाने. मुलीच्या नकाराला देवलांच्या रंगभूमीवर सहानुभूती मिळते, अधिकार मिळत नाही. याच नाटकाच्या सतरा वर्षे आधी ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पतिव्रताधर्माची सरळ उलटतपासणी केली होती. अभ्यासक्रमात 'शारदा' आले, ताराबाई फार उशिरा आल्या. एका विद्यार्थिनीने वर्गात मला विचारले, 'सर, गोत्र वेगळं असतं तर?' माझ्याकडे उत्तर नव्हते; देवलांकडेही नसावे.

पर्याय उभे राहिले नाहीत असे नाही. जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केल्यानंतर तीनच महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, भटाशिवाय लग्न लावले. पुढे त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांविषयी वचन मागते. तमिळ मुलखात पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने १९२८ पासून पुरोहिताशिवाय आणि मंत्राशिवाय लग्ने लावली. १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असे एक लग्न बेकायदा ठरविले. पंचवीस वर्षे संसार केलेल्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने कलम ७-अ घालून ती सगळी लग्ने कायदेशीर केली, मागची आणि पुढची. महाराष्ट्रात आम्ही असे काही करून घेतले नाही. आमचा विवाहविधी 'रूढी' या शब्दाच्या आसऱ्याने उभा आहे, आणि कायद्याची व्याख्या म्हणते की रूढी दीर्घकाळ चालत आलेली हवी. १९५६ नंतर जन्मलेला विधी दीर्घकाळाचा केव्हा ठरतो?

हा शब्दच्छल वाटत असेल तर १९६५ चा निकाल पाहावा. महाराष्ट्रातल्या एका पुरुषाने पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीने दुसरी केली. शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही. विधी अपुरा, म्हणून ते लग्नच नाही. लग्न नाही, म्हणून गुन्हा नाही. पुरुष सुटला. पहिलीला सवत आली आणि दुसरी कोणाचीच कोणी झाली नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की हिंदू विवाह हा संस्कार आहे, विधीवाचून नुसत्या नोंदणीने तो होत नाही. होमाचा धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हे त्या १९६५ मधल्या दोन बायकांना विचारायला हवे होते.

दुसऱ्या धर्मांकडे बोट दाखवून सुटका होत नाही, तशी त्यांचीही नाही. ख्रिस्ती पत्नीला १८६९ च्या कायद्याखाली घटस्फोट हवा तर नुसता नवऱ्याचा व्यभिचार पुरत नसे, त्याला क्रूरतेसारखी जोड लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार पुरे. ही विषमता कायद्यातून जायला २००१ साल उजाडले. निकाह करार आहे हे खरे, आणि करार म्हटला की अटी घालता येतात, हे त्याचे बळ. पण तो करार एका दमात तीनदा शब्द उच्चारून मोडण्याचा हक्क एकाच पक्षाकडे राहिला, तो २०१७ च्या निकालापर्यंत. यावर एवढेच पुरे; ज्यांना हा विषय केवळ मुसलमानांना झोडपण्यासाठी हवा असतो, त्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही.

बुद्धाने विवाहाला संस्कार केलेच नाही. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीप्रती पाच कर्तव्ये आहेत, पत्नीची पतीप्रती पाच. तिचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिला घरातला अधिकार देणे ही पतीच्या बाजूला आहेत. कर्तव्य मोडले तर नाते कशावर उभे राहायचे, हा प्रश्न तेथे खुला राहतो. आम्ही मात्र लग्नात भिक्खूला किंवा बौद्धाचार्याला बोलावतो, पांढरी वस्त्रे नेसतो, आणि लग्नानंतर सासरी मनूला पाट मांडून बसवतो. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचताना आपल्यातले काही कार्यकर्ते अजून अस्वस्थ होतात. पळून माहेरी आलेल्या कोवळ्या सुनेच्या पायात खोडा घालणारे लोक आमचेच होते, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. काडीमोडीची आठवण जागवणाऱ्याने खोड्याची लपवू नये.

मीही लपवीत नाही. बहीण पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिला परत धाडा असे म्हणणारा मीच होतो. मी घरातला पहिला पदवीधर, कॉलनीत माझी ओळख 'सर' अशी. परत आलेली बहीण या ओळखीत बसत नव्हती. आजी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, 'आमच्यात न्हाई पटलं तर पंचात बसायचं, काडी मोडायची. ह्यो मास्तर झाला आन् बामणावानी बोलाया लागला.' मी तेव्हा रागावलो होतो. दुसऱ्यांदा बहीण आली ती हात मोडून आली.

१९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने कलम ९ घटनाबाह्य ठरविले होते. स्त्रीच्या शरीरावरचा तिचा हक्क असा हुकूम हिरावून घेतो, असे त्याचे म्हणणे होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभे केले. २०१९ मध्ये त्याला नव्याने आव्हान दिले गेले. तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्येच गेली आहे, मिळकतीवर टाच तेवढी येऊ शकते. खरा उपयोग पोटगी अडविण्यासाठी होतो : नांदायला बोलावले, आली नाही, मग पोटगी कशाची? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, असा हुकूम झाला तरी न जाण्याला रास्त कारण असेल तर पत्नीची पोटगी बुडत नाही. तालुक्याच्या कोर्टात हे पोचायला वेळ लागतो, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो. ज्यांच्या घरी अशी नोटीस येईल त्यांनी हा निकाल वकिलाला दाखवावा.

आमच्या वकिलांनी जबाब तयार केला तेव्हा त्यात पहिलेच वाक्य होते : 'प्रतिवादी ही पतीकडे नांदण्यास सदैव तयार होती व आहे.' असे लिहावेच लागते, न्यायाधीशांचे मत चांगले होते, असे त्यांनी समजावून सांगितले. बहीण बारावी शिकलेली. तिने तो कागद दोनदा वाचला, माझ्या खिशातले पेन काढून घेतले आणि 'व आहे' हे दोन शब्द खोडले. मग थोडा विचार करून सबंध वाक्यच खोडले. वकील माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, ती सांगते तसे टाईप करा.