गोष्टीला नायक हवाच का?

मिलिंद बोकील म्हटलं की आमच्या पिढीला ‘शाळा’च आठवते. त्यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ मी हल्ली वाचलं, गडहिंग्लजला घरून काम करताना, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात. मेंढा (लेखा) हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं.

बहुतेक जण हे ‘प्रेरणादायी’ म्हणून वाचतात. मला तो शब्द खटकतो. प्रेरणा म्हटली की नायक लागतो, आणि देवाजी तोफा किंवा मोहन हिराबाई हिरालाल यांना त्या जागी बसवायला आपण टपलेलेच असतो. पुस्तकाच्या नावातली ‘गोष्ट’ही त्याला हातभार लावते.

मेंढ्यात मात्र निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. पटलं नाही तर विषय पुढच्या सभेला. अभ्यासगट वेगळा. तिथं बाहेरचे जाणकार येतात, वाद घालतात, पण ठरवायचा अधिकार गटाला नाही. ज्याला कळतं त्याच्या हाती सत्ता नाही! फ्रेंच मानवशास्त्रज्ञ पिएर क्लास्त्र पॅराग्वेच्या जंगलात ग्वायाकी लोकांमध्ये राहिला होता. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींबद्दल त्यानं १९७४ च्या पुस्तकात असंच काही मांडलं: त्यांचा प्रमुख बोलतो, समजावतो, हुकूम सोडू शकत नाही. राज्यसंस्था नसणं हे मागासलेपण नव्हे, या समाजांनी तिला दारातच अडवलेलं असतं.

आमच्या धंद्यातही ‘एकमत’ असतं. राफ्ट नावाच्या पद्धतीत पाचांपैकी तीन सर्व्हर तयार झाले की ठरलं. उरलेल्या दोघांनी मागाहून तेच लिहून घ्यायचं. (ग्रामपंचायतीच्या निकालानंतर हरलेल्या गटाचं होतं तेच.) मेंढ्याची रीत यापेक्षा किती तरी संथ आहे. म्हणूनच सभा, कामांची वाटणी, हिशेब अशा रुक्ष तपशिलात बोकील रेंगाळतात, तिथं पुस्तक मला सर्वांत भक्कम वाटलं.

एक गोष्ट अजून हवी होती. सर्वसहमतीत गप्प बसलेल्याचं काय? सभेत मान डोलावून घरी गेल्यावर एखादी बाई ‘मला पटलं नव्हतं’ म्हणाली असेल, पुढच्या सभेत तिनं तो विषय पुन्हा काढलाही असेल. त्या सभेत काय झालं, ते मला सविस्तर वाचायचं होतं.