जुनं न पुसता

नवी सुरुवात म्हटलं की आपल्याला सगळं फॉरमॅट मारावंसं वाटतं. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई टिळक काहीच डिलीट करत नाहीत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, संसार दुभंगला. पाचेक वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. पुढे शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं आणि स्वतःच्या आठवणीही लिहिल्या. त्यात पूर्वीची सोवळं पाळणारी लक्ष्मी त्या लपवत नाहीत, तिला हसतात. घरात दाणा नसताना पैसे भलतीकडे खर्चून येणाऱ्या नवऱ्यालाही सोडत नाहीत. या विनोदाला नुसतं खेळकर म्हणणं अपुरं आहे. माझ्या मते तो चोख हिशेब आहे: माफ केलंय, पण खोडलेलं काही नाही.