हात कुणाचा?

धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका करून घ्यायला मी जिवतीच्या बाजारातल्या एका संगणकवाल्याकडे गेलो होतो. मुहूर्त, स्थळ वगैरे मजकूर त्याने छापील वळणात बसवला आणि खाली माझ्या नावाने चार ओळींचे आग्रहाचे पत्र ‘कलम’ नावाच्या हस्ताक्षरी अक्षरांत घातले. “गुरुजी, हाताने लिहिल्यासारखं दिसंल,” तो म्हणाला. मलाही ते आवडले. खोटे कशाला बोलू, माझ्या अक्षरापेक्षा ते पुष्कळच देखणे होते.

पत्रिका वाटून झाल्यावर एक म्हातारी घरी आली. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी कुटुंबे या माणिकगडच्या डोंगरावर येऊन राहिली, त्यांतली ही एक. नांदेडकडच्या तिच्या भावाला जाणारी पत्रे वर्षानुवर्षे मीच लिहून देत असे. तिला स्वतःला वाचता येत नाही. पत्रिकेवर बोट ठेवून ती म्हणाली, “गुरुजी, नाव तुमचं हाय म्हणत्यात, पर हात तुमचा न्हाई.”

मी हसलो खरा, पण ओशाळलो. तेव्हापासून ‘कलम’कडे मी जरा बारकाईने पाहू लागलो.

अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हे काम. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी ही अक्षरे रेखाटली आणि २०१४ साली ती कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशी खुली झाली. बारीक, मध्यम आणि ठळक असे तीन प्रकार त्यांत आहेत. अक्षरे तिरकी; रेघेची जाडी जवळजवळ सारखी. बोरूची जाड-बारीक ऐट इथे नाही, बॉलपेनाची लगबग आहे. शिरोरेषाही सलग नाही. जो तो आपापला तुकडा डोक्यावर घेऊन उभा. मला यातच रेखाटणाऱ्यांचे शहाणपण दिसते. मोडी लिहिणारा कारकून आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग बोरू होता होईल तो न उचलता अक्षरे तिला टांगीत जाई. त्याची घाई अखंड रेघेतून येई. आपली घाई रेघ तोडून येते. कित्येकजण तर आता ती देतच नाहीत! आजच्या हाताची ही सवय ‘कलम’ने बरोबर टिपली आहे.

पण पत्रात दहा ‘क’ आले तर दहाही एकाच साच्याचे. जिवंत हात ओळीच्या शेवटी जागा संपली की अंग चोरतो, आवडत्या माणसाच्या नावाशी घुटमळतो, थकला की वेलांटी अर्ध्यावर सोडतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाछापाची गंमत अशी, की कुणीतरी खरोखर लिहिलेले अक्षर दगडावर उतरे. प्रती कितीही निघोत, पानावरचा प्रत्येक ‘क’ स्वतंत्रपणे लिहिलेला असे. ‘कलम’मध्ये हाताची ढब आहे, हाताचा थकवा नाही.

म्हणून जिथे कुणाचाही हात चालतो तिथे ते खुलते: मुलांच्या चित्रकथेतले संवाद, खाणावळीच्या भिंतीवरची पदार्थांची यादी, शाळेतला तक्ता. लांबलचक मजकुराला ते नको. दोन पानांनंतर तो तिरकेपणा डोळ्यांना ओढू लागतो. आणि जिथे वाचणारा एका ठरावीक माणसाची वाट पाहत असतो, तिथे तर नकोच नको. सांत्वनपत्र या वळणात छापलेले पाहिले की मला अंगावर काटा येतो.

हाताच्या अक्षरांना संगणकात आणण्याचा दुसरा एक प्रयत्न आमच्या डोंगरापलीकडचाच आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाला गावी गोंडीच्या एका लिपीतली हस्तलिखिते २००६च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आली. तिची व्यंजने क, ख, ग अशी सुरू होत नाहीत; य, व, ब अशी सुरू होतात. २०१८ साली युनिकोडने तिला स्थान दिले आणि ‘नोटो’ या अक्षरमालिकेत तिचा संचही झाला. तो अगदी साधा, स्थिर उभा आहे. यात वहीतला हात हरवला, अशी तक्रार कुणी करील. मला ती पटत नाही. देवनागरीला ‘कलम’ची चैन परवडते, कारण निर्णयसागरच्या खिळ्यांपासून पुस्तकी अक्षरांची केवढी तरी पुंजी तिच्या गाठीशी आहे. जी लिपी आजवर वह्यांतच राहिली, तिला आधी पाठ्यपुस्तकात नीट उभे राहू द्या. तिचे लाड मग करता येतील. माझ्या वर्गातली गोंड मुले घरचे शब्द पाटीवर देवनागरीत लिहीत, आणि मी त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसे! डोंगराच्या पलीकडे त्या शब्दांची स्वतःची अक्षरे आहेत, हे मला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हते.

म्हातारीच्या पत्रिकेमागे मी त्याच दिवशी दोन ओळी हाताने लिहून दिल्या. ‘र’ नेहमीसारखा ओळीखाली घसरला. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाली, “आता भावाला बी धाडा एक. पर ह्याच हातानं.”