पारितोषिकांची पंगत आणि द्विभाषी लेखक

साहित्य अकादमीच्या १९९४ सालच्या पारितोषिकांत एकच नांव दोन ठिकाणीं आढळतें. दिलीप चित्रे यांस त्या वर्षीं 'एकूण कविता – १' या संग्रहाबद्दल मराठीचें पारितोषिक मिळालें, आणि 'सेज तुका' या तुकोबांच्या इंग्रजी अवताराबद्दल अनुवादाचेंहि मिळालें. एक लेखणी, दोन भाषा आणि दोन निरनिराळीं परीक्षकमंडळें. ही गोष्ट जितक्या कुतूहलानें पाहिली जावयास हवी होती, तितक्या कुतूहलानें ती आमच्याकडे पाहिली गेली असें आम्हांस वाटत नाहीं. मराठी रसिकांनीं मराठीच्या मानाबद्दल अभिनंदन केलें, इंग्रजी वाचणारांनीं इंग्रजीच्या; आणि या दोन मानांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असावा हा प्रश्न दोघांच्याहि मधल्या फटींत पडून राहिला. त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावा असा आमचा हेतु आहे.

अकादमीची स्थापना १९५४ ची, पहिलीं पारितोषिकें १९५५ चीं. मराठींतील पहिला मान तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथास मिळाला. इंग्रजीस पांच वर्षें तिष्ठावें लागलें. १९६० सालीं आर. के. नारायण यांच्या 'द गाइड' या कादंबरीनें तें दार उघडलें. आज ही पंगत चोवीस भाषांची आहे. प्रत्येक भाषेचें पान निराळें, वाढणारेहि निराळे. इंग्रजी हें त्यांतलेंच एक पान, ना मानाचें ना अपमानाचें. ही व्यवस्था न्याय्य आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. चोवीस भाषांतले ग्रंथ एका तराजूंत घालावयाचे तर ते सर्व एका भाषेंत आणावे लागतील. ती भाषा अर्थातच इंग्रजी ठरेल. आणि मग मराठी कवितेचा निकाल तिच्या भाषांतरकाराच्या कुवतीवर लागेल. त्यापेक्षां निराळीं पानें बरीं. पण ही व्यवस्था एकभाषी लेखकाच्या मापानें बेतलेली आहे, आणि महाराष्ट्रांत एकभाषी नसलेल्या लेखकांची परंपरा चांगली जुनी आहे. बा. सी. मर्ढेकरांना १९५६ सालीं अकादमीचा मान मिळाला तो 'सौंदर्य आणि साहित्य' या मराठी ग्रंथाबद्दल. परंतु त्यांच्या सौंदर्यविचाराचा आरंभ १९३७ सालच्या 'आर्ट्‌स अँड मॅन' या इंग्रजी पुस्तकांत झालेला होता.

दोन भाषांना सरकारी मान वांटण्याचा उद्योग जगांत आपणच करतों असें नाहीं. कॅनडांत गव्हर्नर जनरलच्या नांवानें दिलीं जाणारीं पारितोषिकें १९३६ सालीं सुरू झालीं. जॉन बकन हा कादंबरीकार त्या वेळीं तेथें गव्हर्नर जनरल होता. देशाच्या दोन भाषा, इंग्रजी आणि फ्रेंच. पण जवळजवळ पाव शतक पारितोषिक फक्त इंग्रजी पुस्तकालाच मिळे. गाब्रिएल रुआ या लेखिकेची माँट्रिअलच्या गरीब वस्तीवरची फ्रेंच कादंबरी १९४५ सालीं निघाली. तिला १९४७ सालचें पारितोषिक मिळालें तें 'द टिन फ्लूट' हें इंग्रजी भाषांतर निघाल्यावर! मूळ पुस्तक परीक्षकांच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नव्हतें. १९५९ पासून फ्रेंच ग्रंथांना स्वतंत्र पान मांडलें गेलें आणि हा अन्याय दूर झाला. आज सात इंग्रजी व सात फ्रेंच अशीं चौदा पारितोषिकें तेथें दिलीं जातात, आणि दोन्ही बाजूंच्या भाषांतरांनाहि त्यांत जागा आहे. तरी समाधान झालें म्हणावें तर तेंहि नाहीं. १९६८ सालचें फ्रेंच पारितोषिक युबेर आकँ या स्वातंत्र्यवादी कादंबरीकारानें नाकारलें, आणि त्याच वर्षींचें इंग्रजी पारितोषिक कवि लेनर्ड कोहेन यानेंहि.

आमच्या विषयाला अधिक जवळचें उदाहरण १९९३ सालचें आहे. नॅन्सी ह्यूस्टन ही जन्मानें इंग्रजी भाषिक, राहणार पॅरिसची. तिनें एक कादंबरी आधीं इंग्रजींत रचली, मग स्वतःच फ्रेंचमध्यें लिहिली, आणि त्या फ्रेंच पुस्तकाला त्या वर्षींचें फ्रेंच कादंबरीचें पारितोषिक लाभलें. क्वेबेकमधील प्रकाशकांनीं ओरड केली: हें तर भाषांतर, मूळ ग्रंथाच्या पंक्तीला याला बसविलें कोणी? आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. परंतु त्या वादांतून एवढें उघड झालें कीं, लेखक स्वतःच दोनदां लिहितो तेव्हां मूळ कोणतें आणि सावली कोणती हें ठरविण्याचें साधन परीक्षकांजवळ नसतें.

आतां अरुण कोलटकरांकडे वळूं. त्यांची इंग्रजी 'जेजुरी' १९७६ सालीं निघाली आणि दुसऱ्याच वर्षीं तिला राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळालें. 'भिजकी वही' हा मराठी संग्रह २००३ सालचा; त्याला अकादमीचें पारितोषिक मिळालें २००५ सालीं, कवि जाऊन एक वर्ष झाल्यावर. वरवर पाहणारा म्हणेल कीं परदेशानें इंग्रजी पुस्तकाचा मान केला, स्वदेशानें मराठीचा; हिशेब चुकता झाला. पण हीं दोन पुस्तकें उघडून पाहावींत. इंग्रजी पुस्तकांत काय आहे? खंडोबाचा गड, पडक्या देवळांतली कुत्री, पुजारी, मुरळी, आणि परतीच्या गाडीची वाट पाहणारें स्टेशन. पुरंदर तालुक्याच्या बाहेर कवीचें पाऊल म्हणून पडत नाहीं. आणि मराठी पुस्तकांत? अलेक्झांड्रियाची हायपेशिया, तामिळ देशाची कण्णगी, व्हिएतनामांत अंगावर आग घेऊन धांवणारी किम. जगभरच्या अश्रु ढाळणाऱ्या स्त्रिया. म्हणजे कवीनें घरचें दैवत परक्या भाषेंत पूजिलें आणि अवघ्या जगाचें दुःख मायबोलींत सांगितलें. इंग्रजी लिहिणारा मुळावेगळा झाला आणि मराठी लिहिणारा कूपमंडूक राहिला, हे दोन्ही रूढ समज या एकाच कवीनें एकाच वेळीं खोटे पाडले आहेत. आमच्या मतें मराठी समीक्षेनें यावर जितकें थांबावयास हवें होतें तितकी ती थांबलेली नाहीं. 'जेजुरी'च्या इंग्रजी ओळींतला कोरडेपणा हा परक्याचा तटस्थपणा नसून, लहानपणापासून देवळें पाहून कंटाळलेल्या मराठी माणसाचा आहे, आणि तो इंग्रजी वाचकाला सहसा ओळखूं यावयाचा नाहीं. तो ओळखणें आमचें काम आहे.

याच पुणें जिल्ह्यांत, घोड नदीच्या कांठीं, शिरूर तालुक्यांत इनामगांव आहे. तेथें १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं उत्खनन करून ताम्रपाषाणयुगांतलें एक अख्खें खेडें उजेडांत आणलें: घरें, धान्याच्या कणग्या, नदीचें पाणी वळवून नेणारा पाट, अंगणांत पुरलेलीं मुलांचीं मडकीं. ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांचा त्यावरचा मोठा अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला तो इंग्रजींत. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. जगांतल्या विद्वानांशीं बोलावयाचें तर त्यांना समजेल असें बोलावें. ढवळीकरांनीं पुढें 'महाराष्ट्राची कुळकथा' लिहून तीच विद्या मराठींत आणली आणि ज्यांच्या पायाखालच्या मातींतून ती निघाली त्यांचें ऋण फेडलें. शास्त्रांत आम्ही हें निमूटपणें मान्य करतों. इनामगांव इंग्रजींत गेलें म्हणून तें मराठी राहिलें नाहीं असें कोणी म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. मग खंडोबाचाच गड इंग्रजी कवितेंत गेला कीं तो परका कां व्हावा?

त्याच उत्खननांत एक विलक्षण गोष्ट आढळली. तेथील लोक मृताचे पाय घोट्यापासून तोडून मग त्याला घराच्या जमिनींत पुरीत. त्यानें घर सोडून जाऊं नये हा त्यामागचा हेतु असावा असें संशोधकांचें अनुमान आहे. फक्त चार पायांच्या एका मातीच्या रांजणांत बसविलेल्या पुरुषाचे पाय तेवढे शाबूत निघाले. आम्हीं मराठी वाङ्मयभक्तांनीं ही चाल टाकून तीन हजार वर्षें होऊन गेलीं अशी आमची समजूत होती! पण लेखक इंग्रजीच्या उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकूं लागला कीं पुष्कळांचा हात कुऱ्हाडीकडे जातो.

किरण नगरकरांच्या वांट्याला हेंच आलें. 'सात सक्कं त्रेचाळीस' ही त्यांची १९७४ सालची कादंबरी मराठी गद्याला नवी चाल शिकविणारी होती. पुढें त्यांनीं 'रावण अँड एडी' मराठींत आरंभून इंग्रजींत पुरी केली, आणि मीराबाईच्या पतीच्या तोंडून मेवाडची कथा सांगणाऱ्या 'ककल्ड' या कादंबरीस २००० सालीं अकादमीचें इंग्रजीचें पारितोषिक मिळालें. आमच्यापुरतें सांगावयाचें तर 'ककल्ड' हें भारदस्त पुस्तक आहे, धाडसी पुस्तक तें पहिलेंच. त्या पहिल्याला त्या पंक्तींत जागा मिळाली नाहीं. मराठीनें तें गमावलें, आणि मग त्या लेखकाला 'आपला' म्हणावें कीं नाहीं याचीच कुजबुज अधिक चालली. रेखा सबनीसांनीं या दोन्ही इंग्रजी कादंबऱ्या मराठींत आणल्या. घरीं परत येण्याची वाट लेखकाला अखेर एका भाषांतरकर्त्रीनें करून दिली. शांता गोखले यांनीं ही वाट स्वतःच बांधली: 'रीटा वेलिणकर' मराठींत लिहिली व आपल्याच हातांनीं इंग्रजींत नेली.

यावर कोणी म्हणेल कीं ही सारी उदारता शेवटीं इंग्रजीच्याच पदरांत पडते. १९९७ सालच्या आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेंत सलमान रश्दी यांनीं स्वातंत्र्योत्तर भारतांतलें इंग्रजी वाङ्मय देशी भाषांतल्या वाङ्मयाहून सरस ठरविलें, आणि त्या संग्रहांत मंटोच्या एका कथेखेरीज भाषांतरित असें कांहीं घेतलें नाहीं. ज्या भाषा वाचल्या नाहींत त्यांचा निकाल देण्याचा हा प्रकार चीड आणणाराच होता. भालचंद्र नेमाडे यांचा देशीवाद अशा अहंकाराला उत्तर म्हणून आम्हांस पटतो; आणि तें उत्तर इंग्रजीच्याच एका प्राध्यापकानें द्यावें यांतली मौज नजरेआड करण्यासारखी नाहीं. विंदा करंदीकरहि इंग्रजीच शिकवीत. मराठीची बाजू घेऊन उभे राहिलेले कितीतरी जण दिवसां शेक्सपियर शिकवून संध्याकाळीं मराठी लिहीत आले आहेत. परंतु देशीपणाची कसोटी लावावयाची तर ती पुस्तकाला लावावी, त्याच्या लिपीला नव्हे. आणि त्या कसोटीला इंग्रजी 'जेजुरी' उतरते.

हा वाद केवळ पंडितांचा असता तर आम्हीं येवढी शाई खर्चिली नसती. आज शहरांतल्या, आणि शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतल्याहि, सुशिक्षित घरांतून मुलें इंग्रजी शाळांत जातात. घरांत मराठी बोलतात, इंग्रजींत लिहितात. त्यांतल्या एखाद्याला उद्यां कांहीं सांगावयाचें झालें तर तें इंग्रजींतच निघण्याचा संभव मोठा. तें पुस्तक आजीच्या ओटीवरचें, गांवच्या जत्रेचें, वडिलांच्या नोकरीचें असेल. पारितोषिक मिळालें तर तें इंग्रजीच्या पानावर पडेल. त्याला आमची हरकत नाहीं. पण तें वाचून, येथें आजी अशी बोलणार नाहीं, किंवा येथें जत्रा खरी उतरली आहे, असें अधिकारानें सांगणारा वाचक दिल्लींत मिळावयाचा नाहीं, लंडनमध्यें तर नाहींच. तो मराठी घरांतच असावा लागेल, आणि त्यानें तें पुस्तक आपलें म्हणून हातीं घेतलेलें असावें लागेल. ज्येरी पिंटो यांनीं 'एम अँड द बिग हूम' या इंग्रजी कादंबरीबद्दल २०१६ सालचें पारितोषिक घेतलें, आणि दया पवारांचें 'बलुतं' इंग्रजींत नेलें तेंहि त्यांनींच. मराठी ज्यांची मातृभाषा नाहीं ते मराठीकडे येवढ्या आस्थेनें येतात. आमच्याच लेखकांच्या इंग्रजी पुस्तकांकडे आम्ही तितक्या आस्थेनें जातों काय?

कोलटकरांची मराठी 'जेजुरी' त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीचें भाषांतर म्हणून वाचली तर फसगत होईल आणि तिची पूर्वपीठिका म्हणून वाचली तरीहि. तीं दोन निराळीं पुस्तकें आहेत, जरी गड एकच असला. तालुक्याच्या वाचनालयांनीं तीं एकाच फळीवर ठेवावींत. मराठीचें कपाट एका भिंतीला आणि इंग्रजीचें दुसऱ्या, अशी आमच्या ग्रंथपालांची पद्धत आहे. निदान या एका कवीपुरती ती मोडावयास हरकत नसावी.